पाण्यात उतरणाऱ्या इसमांकरिता

सुट्टीत मुक्काम कुठे करावा हा प्रश्न सामान्य माणसे एस.टी.च्या टपावरून वळकटी खाली घेतल्यानंतर सोडवतात. नृसिंहराव हेरवाडकर सामान्य नव्हते. निदान त्यांचे स्वतःचे मत तसे होते, आणि त्यांच्या मताशी वाद घालून धडपणे घरी परतलेला माणूस कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत नव्हता. एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत सव्वीस वर्षे हेडक्लार्की केलेल्या या गृहस्थांनी हा प्रश्न एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत हाती घेतला. मे उजाडला तेव्हा त्याची फाईल चार बोटे जाड झाली होती आणि प्रश्न होता तिथेच होता.

मुळात समुद्राशी नृसिंहरावांचे काहीही भांडण नव्हते, कारण ओळखच नव्हती. ती ओळख काढली शेजारच्या अमीन मुजावरने. हेरवाडकर आणि मुजावर यांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, आणि तिच्यात खुंटी कुणी ठोकायची हा वाद सोडला तर दोन घरांत अठरा वर्षे उत्तम सलोखा होता. अमीन आणि त्याचा धाकटा भाऊ गौस यांचे मोटारपंप दुरुस्तीचे दुकान होते. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी एक व्हॉल्व असतो. तो गाळाने तुंबला की पाणी वर चढत नाही, आणि ऊस वाळू लागतो. मग शेतकरी अमीनला सायकलवर बसवून नेतो. अमीन सदरा काढतो, छाती भरून दम घेतो, तीन पुरुष खोल जातो, आणि काळ्याकुट्ट पाण्यात केवळ बोटांच्या अंदाजाने व्हॉल्व सोडवून वर येतो. कळंब्यापासून पेठ वडगावापर्यंत अशी विहीर नव्हती की जिच्या तळाला या दोघा भावांपैकी एकाचा हात लागलेला नाही.

"भाऊसाहेब," एका रविवारी कट्ट्यावर बसून अमीन म्हणाला, "वीस वर्सं पाण्यात जातोय, पर पाणी कसं असतंय त्ये अजून बघितलं न्हाई. हिरीत खाली ग्येलं की डोळं उघडं ठेवा न्हाईतर झाका, सारखंच. परवा मालवणला होडीचं इंजिन दुरुस्त कराय गेलतो. थितला गुंडू म्हनला, आमच्या बेटावर या, पाणी असं हाय की तळाला पडलेली सुई दिसतीया. एकदा बघाय पायजे की!"

"सुई किती खोलीवर दिसते?" नृसिंहरावांनी विचारले. "आणि कोणत्या मापाची?"

अमीन हसला. पण दाराआड उभ्या असलेल्या नृसिंहरावांच्या पत्नी विमलाबाई हसल्या नाहीत. जेवणे झाल्यावर ताटे उचलता उचलता त्या म्हणाल्या, "आपणही जाऊ या." संसाराच्या चोवीस वर्षांत त्यांनी कुठे तरी जाऊ या असे म्हटल्याची नोंद नृसिंहरावांच्या स्मरणात नव्हती, आणि त्यांचे स्मरण निर्दोष होते. ते इतके चकित झाले की हो म्हणून गेले.

हो म्हटल्यावर मात्र त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. जाणारे सहा: अमीन, त्याची बायको नजीरा, गौस, इकडून नृसिंहराव, विमलाबाई आणि नृसिंहरावांच्या थोरल्या विधवा भगिनी आक्का. बेटावर राहण्याच्या जागा दोन. पश्चिमेला कड्यावर एक सरकारी विश्रामगृह. त्याच्या पायऱ्या सरळ खोल पाण्यात उतरत होत्या. पूर्वेला माडांच्या सावलीत गुंडूचे घर. त्याच्यासमोर मऊ वाळू आणि घोट्याएवढे पाणी. दोहोंमध्ये मैलभर खडकाळ टेकडी. बुडी मारणाऱ्याला वाळूचा उपयोग नाही आणि न मारणाऱ्याला कड्याचा. नृसिंहरावांनी फूलस्केप कागदावर उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिले, 'पाण्यात शिरणारे: अमीन, गौस.' उजवीकडे लिहिले, 'कोरडे: उर्वरित चार.' पहिले विश्रामगृहात, दुसरे गुंडूकडे; रेघ सरळ आली होती. त्यांना समाधान वाटले.

ही बातमी पेठेत पसरायला एक दुपार पुरली. निवृत्त शिक्षक तात्या भरती-ओहोटीचे गणित मांडलेली वही घेऊन आले आणि विश्रामगृहाचा कडा चंद्राच्या तिथीनुसार धोकादायक ठरतो असे त्यांनी सिद्ध केले. तात्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. पण त्यांनी चंद्रही चष्म्याशिवाय पाहिला नव्हता, आणि त्यामुळे त्यांच्या गणितात कधी चूक निघाली नव्हती. दूधवाले बाळासो हे जुने पैलवान. त्यांचा सल्ला थोडक्यात होता.

"समुद्राच्या पाण्यानं मानूस आटतंय, हेडक्लार्क. जायच्या आधी महिनाभर रोज शेर दूध प्या. माझंच प्या असं न्हाई म्हनत मी. पर दुसऱ्याच्यात पानी असतंय."

आक्कांच्या अटी लेखी होत्या: गोड्या पाण्याची विहीर, स्वतंत्र चूल, आणि जिथे मासळी शिजते त्या दिशेने वारा येऊ नये. शेवटच्या अटीबद्दल नृसिंहरावांनी गुंडूला खुलासा विचारला, आणि गुंडूने उलट टपाली कळवले की वारा चारही बाजूंनी येतो आणि मासळीही. गुंडूला एकंदर तीन पत्रे गेली. तिन्हींत मिळून सत्तेचाळीस प्रश्न होते. विहिरीची खोली, चुलीचे तोंड, उंबऱ्याची उंची, सापांचा स्वभाव. काही म्हणून सुटले नाही, असे नृसिंहरावांना वाटत होते.

विश्रामगृहाचा अर्ज ही मात्र निराळीच तपश्चर्या ठरली. तो ज्या कचेरीत करायचा होता तिचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. छापील अर्जात 'प्रवासाचा हेतू' या शब्दांपुढे दीड इंच जागा होती. दीड इंचात हेतू मावणारा माणूस हेतुशून्य असला पाहिजे, असे म्हणून नृसिंहरावांनी सात पानांचे निवेदन जोडले. त्यात पाण्यात शिरणारे आणि न शिरणारे यांची व्याख्या, उपव्याख्या, अपवाद आणि अपवादांचे खंडन होते. वाक्ये अशी बांधलेली, की एक कर्ता पहिल्या पानावर निघे आणि त्याला क्रियापद दुसऱ्या पानाच्या मध्यावर भेटे. 'सागरतलाचे साक्षात निरीक्षण' हा शब्दप्रयोग त्यांना स्वतःलाच इतका आवडला, की तो त्यांनी चार वेळा वापरला.

कचेरीला तो एकदाच पुरला. ही माणसे समुद्राच्या तळाशी काय निरीक्षण करणार, आणि तिथून काय वर काढणार, याची चौकशी करावी असा शेरा पडला. आणि एप्रिलच्या एका सकाळी हेरवाडकरांच्या दारात पोलीस उभा राहिला. सबंध गल्ली आपापल्या दारात आली. नृसिंहराव टॉवेल गुंडाळून नळाखाली बसण्याच्या तयारीत होते. त्या वेशात त्यांनी कायद्याचे स्वागत केले.

"पावणं, घाबरू नगासा," पोलीस मोठ्याने म्हणाला, त्यामुळे ज्यांना ते घाबरले आहेत हे ठाऊक नव्हते त्यांनाही कळले. "समुद्रात कोन जानार हाय?"

पोलिसाने कट्ट्यावर बसून चहा घेतला, तात्यांना विचारले, बाळासोंना विचारले, आणि अमीनचा धंदा कळताच चौकशी आवरती घेऊन त्याला आपल्या सासऱ्याच्या विहिरीतल्या तुंबलेल्या व्हॉल्वची हकीकत सांगितली. दुपारी गौस त्याच्याबरोबर पेठ वडगावला जाऊन व्हॉल्व काढून आला.

पंधरा दिवसांनी विश्रामगृहाची मंजुरी आली, सोबत पोलिसाच्या अहवालाची नक्कल. नृसिंहरावांनी सवयीप्रमाणे ती सर्वांसमोर मोठ्याने वाचायला घेतली, ही चूक झाली. 'अर्जदार स्वतः पाण्यास भितात. नळाखालीदेखील दबकत बसतात असे शेजाऱ्यांकडून समजते. सबब बुडालेला माल वर काढतील असा संशय घेण्यास जागा नाही.'

आक्का पदर तोंडात धरून आत गेल्या. अमीन छताकडे पाहू लागला. नृसिंहरावांनी मंजुरीचा कागद न वाचताच फाईलला लावला आणि अहवालाचे खंडन लिहायला बसले. त्यांचे दुसरे पान चालू असताना विमलाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमची चौकशी झाली. माझी कुणी केली?"

"तुझी कसली चौकशी?"

"कोरड्यांत घालण्याआधी विचारायचं होतं. मी वाडीची आहे."

त्या नृसिंहवाडीच्या होत्या हे नृसिंहरावांना ठाऊक होते. लग्नच तिथे लागले होते. जे ठाऊक नव्हते ते विमलाबाईंनी उभ्या उभ्या सांगितले. यात्रेकरू घाटावरून कृष्णेत पैसे टाकतात आणि गावची पोरे ते बुडी मारून काढतात. त्या पोरांत तेराव्या वर्षापर्यंत त्याही होत्या. गढूळ पाण्यात डोळे मिटून, गाळात बोटे घालून पैसा शोधायचा. "माझ्याएवढा दम गावात कुणाचा नव्हता. मग वडील म्हणाले, आता मोठी झालीस. त्या दिवसापासून घाटावर बसून पाय धुतलेत, तेवढंच. अमीनभावजी म्हणाले ना, पाण्यात गेलो पण पाणी बघितलं नाही? मीही नाही बघितलं. मला बेटावर खाली जायचंय. एकदाच."

नृसिंहरावांनी तीन दिवस वाद घातला. त्रेचाळीस वर्षांच्या गृहिणीच्या श्वासाची मर्यादा, नदी आणि समुद्र यांतला गुणभेद, प्रघात, प्रकृती, लोक काय म्हणतील; असे एकूण अकरा मुद्दे त्यांनी मांडले. बारावा मुद्दा त्यांनी मांडला नाही, कारण तो स्वतःशीही मांडण्याची त्यांची तयारी नव्हती: ती खाली गेली आणि वर आलीच नाही तर, पोहता न येणारा नृसिंह हेरवाडकर काठावर उभा राहून नेमके काय करणार होता?

चौथ्या दिवशी विमलाबाई म्हणाल्या, "तुमचं सगळं बरोबर आहे. पण कोरडं बसायचं असेल तर मला इथंही बसता येतं. तुम्ही बहीणभाऊ जाऊन या."

"वाळूवर घोट्याएवढ्या पाण्यात हवा तितका वेळ बस," नृसिंहराव म्हणाले. आपण फार मोठी सवलत दिली, असे त्यांना मनापासून वाटत होते.

"बघू," विमलाबाई म्हणाल्या, आणि ट्रंक भरू लागल्या.

बेटावर होडी लागली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. माड होते, वाळू होती, विहीर होती, चुलीचे तोंड कळवल्याप्रमाणे पूर्वेलाच होते. फक्त घराला छप्पर नव्हते. नुसत्या भिंती आणि वासे, आणि त्यांवर बसलेला गुंडू जुन्या झावळ्या खाली टाकत होता. पावसाळ्याआधी कोकणात घर शाकारतात. हे कोकणात प्रत्येकाला ठाऊक असते आणि कोल्हापुरात कुणी विचारत नाही.

"अहो, हे काय?" नृसिंहराव ओरडले. "छप्पर कुठे आहे?"

गुंडू वरूनच शांतपणे म्हणाला, "सायबानु, विहीर कितकी खोल, चूल खंय, साप कसे, सगळा तुमी इचारल्यात. छप्पर आसा काय, ह्या कोणीच इचारूक नाय. आठ दिसांनी येवा, बरा जातला."

होडी उद्याशिवाय परतणार नव्हती. सत्तेचाळीस प्रश्नांचा कर्ता डोक्यावर ट्रंक घेऊन मे महिन्याच्या उन्हात टेकडी चढू लागला. मागून आक्का आपल्या अटींपैकी कोणत्या भंगल्या ते मोजत होत्या.

विश्रामगृहाचा रखवालदार आकाराम हा पेठ वडगावकडचाच निघाला, तेव्हा नृसिंहरावांच्या जिवात जीव आला. तो फार वेळ टिकला नाही. आकारामने वीस वर्षे सरकारी बंगले राखले होते आणि कागदाखेरीज कशावरही त्याचा विश्वास नव्हता. त्याने मंजुरी हातात घेतली आणि शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचली.

"'दोन खोल्या, पाण्यात उतरणाऱ्या इसमांकरिता.' ह्यातलं कोन कोन उतरनार, पावणं?"

नृसिंहरावांनी कागद हिसकावून घेतला. ओळ होती. त्यांच्या सात पानांच्या युक्तिवादाने कचेरी इतकी भारावली होती, की कोरड्यांना कड्यावर जागा देणे तिला अविचाराचे वाटले होते.

"हे दोघे," ते क्षीण आवाजात म्हणाले. "पण अहो आकाराम, आपल्या मुलुखातले तुम्ही—"

"मुलुख घाटाच्या वर ऱ्हायला. हितं कागुद. ऱ्हायचं आसंल तर त्या पायऱ्यांवरनं माझ्यासमोर पाण्यात उतरायचं, मी वहीत टिपनार, मग खोली."

"उतरतो की! तळवे भिजले म्हणजे उतरलो."

"गुडघं."

यावर भर उन्हात अर्धा तास वाद झाला. नृसिंहरावांनी तळव्यांच्या बाजूने जे जे बोलता येईल ते सर्व बोलून संपवले, तेव्हा आकारामने आत जाऊन कचेरीकडून आलेली अर्जाची फाईल आणली आणि पान चार उघडले. "'ज्याचे गुडघे भिजत नाहीत, त्यास पाण्यात उतरणारा म्हणणे हा शब्दांचा व्यभिचार होय.' खाली सही हाय. कुनाची म्हनायची ही?"

नृसिंहरावांनी वाक्य वाचले. अशा प्रसंगीही त्यांना ते निर्दोष वाटले. वाद संपला.

"नृसिंहा, उगीच ताणू नकोस, चल," आक्का म्हणाल्या आणि काठी टेकत सगळ्यांच्या आधी पायऱ्या उतरल्या. चौसष्ट वर्षांच्या आक्कांनी गुडघ्यापर्यंत पाण्यात जाऊन आकारामकडे असे पाहिले, की त्याने टिपताना पेन्सिल मोडली. मग नजीरा उतरली, किंचाळली, आणि मग बाहेर यायलाच तयार होईना. नृसिंहराव शेवटचे. पायऱ्यांच्या कडेला एक गंजकी साखळी होती. ती दोन्ही हातांनी धरून ते तिसऱ्या पायरीवर उभे राहिले, आणि गुडघे भिजले तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले होते.

शेजारून अमीन पाण्यात गेला. गौस गेला. बराच वेळ कुणीच वर आले नाही. मग आधी गौसचे आणि पाठोपाठ अमीनचे डोके वर आले. हा माणूस एरवी पाण्यातून बाहेर येतानाच बोलायला सुरुवात करी. आता तो पायरीला धरून खाली पाण्यात पाहत राहिला होता.

"काय झालं?" नजीराने घाबरून विचारले.

"माझं हात," अमीन म्हणाला. त्याने दोन्ही हात वर काढून पुन्हा पुन्हा उलटसुलट केले. "माझं हात दिसलं मला. वीस वर्सं ह्याच हातांनी काम करतोय. पाण्यात कसं दिसत्यात त्ये आज बघितलं." त्याचे डोळे लाल झाले होते, खाऱ्या पाण्याने असावेत.

नृसिंहरावांनी डोळे उघडले. वरच्या पायरीवर विमलाबाई उभ्या होत्या. अंगावर आक्कांचे नऊवारी लुगडे, कासोटा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. याचा अर्थ हे कारस्थान कोल्हापूरला ट्रंक भरतानाच झाले होते, आणि त्यात आपली सख्खी बहीण सामील होती. आक्का दुसरीकडे कुठेतरी क्षितिज न्याहाळत होत्या.

विमलाबाई त्यांच्या शेजारी येऊन थांबल्या. त्यांनी परवानगी मागितली नाही. पण त्या थांबल्या, आणि नृसिंहरावांना कळले की आपण नाही म्हटले तर ही खरोखरच मागे फिरेल, खोलीत जाईल, चहा करील, आणि उरलेल्या जन्मात पुन्हा कशालाही 'जाऊ या' म्हणणार नाही. अकरा मुद्दे त्यांच्या ओठांपर्यंत आले. बारावा घशात होता.

"अमीन जवळ राहील," ते म्हणाले. आवाज त्यांचा स्वतःचा वाटत नव्हता. "जा."

विमलाबाईंनी एकदा छाती भरून घेतली आणि त्या गेल्या. शिंतोडासुद्धा उडाला नाही. पाणी त्यांच्यावर मिटले, वर उन्हाची चमक नाचू लागली, आणि त्या चमकेखाली काही दिसेना. एक. दोन. तीन. नृसिंहराव मोजत होते. दहा झाले. पंधरा झाले. अमीन हसत काहीतरी म्हणाला ते त्यांना ऐकू आले नाही. विसाव्या आकड्याला ज्या माणसाने आयुष्यात नळाखालीही डोके एकदम धरले नव्हते, त्याने एका हाताने साखळी धरली, कमरेत वाकून तोंड समुद्रात घातले, आणि डोळे उघडले.

आधी नुसती आग झाली. मग हिरवा उजेड. त्यांच्या कल्पनेतले समुद्राचे पोट काळे होते. हे तर उजेडाने भरलेले होते, आणि वरून येणारे उन्हाचे पट्टे तळाच्या वाळूवर हलत होते. पिवळ्या माशांचा एक थवा, घरच्या अंगणातून जावा तसा, निवांत चालला होता. आणि दोन पुरुष खोलीवर, अंधूक पण खरीखुरी, त्यांची बायको होती. लुगड्याचा घोळ तिच्याभोवती फुलला होता. ती तळाला हात लावत नव्हती. हाताच्या अंतरावर थांबून नुसती पाहत होती, डावीकडे, उजवीकडे, जणू कुणाच्या घरी प्रथमच आली होती. चोवीस वर्षे जिला ते स्वयंपाकघर ते ओसरी एवढ्याच अंतरात ओळखत होते, ती तिथे इतक्या सहज होती की नृसिंहरावांना आपणच परके वाटले. मग तिने मान वर केली. तिला तिथून काय दिसले असेल कोण जाणे; गाल फुगवलेले, उलटे लोंबकळणारे एक तोंड. पण ती हसली. पाण्याखाली माणूस हसले की बुडबुडे निघतात, हे त्यांना त्या दिवशी कळले.

ते खोकत, नाकातोंडातून पाणी गाळत वर आले. तिसऱ्या पायरीवर उभे असलेले नृसिंहराव आता छातीपर्यंत भिजलेले होते आणि पाचवीवर होते. तिथे ते केव्हा गेले हे त्यांना सांगता आले नसते. पाठोपाठ विमलाबाई वर आल्या. त्यांनी केस मागे सारले. धापा टाकत होत्या, आणि चेहरा तेरा वर्षांच्या पोरीचा होता.

"दिसतं हो," त्या म्हणाल्या. "सगळं दिसतं."

नृसिंहरावांनी तोंड उघडले. वरच्या पायरीवरून आकाराम आणि आक्का, पाण्यातून अमीन, सगळेच त्यांच्याकडे पाहत होते. एवढ्या मोठ्या विषयावर हेडक्लार्क काय बोलतात ते ऐकायला. कर्ता सापडे तर क्रियापद सापडेना.

"पुन्हा खाली जाणार आहेस?" अखेर त्यांनी विचारले.

"जाते की."

"मग जरा थांब," नृसिंहराव साखळी घट्ट धरत म्हणाले. "मला आधी श्वास घेऊ दे."